येऊन गेलेली

किल्ल्यांचा जुडगा दारापाशी येताच हातातून निसटला आणि फरशीवर खणकन आपटला. "अगं बाई," म्हणत बघूताई वाकली, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि काकूंनी डोकं बाहेर काढलं.

"परत खाली गेली होतीस का गं?"

"नाही काकू. आत्ताच येतेय ऑफिसातून."

"आत्ताच?" काकूंनी चष्मा वर सरकवला. "अगं, मघाशी आलीस ना तू? किल्ल्या पाडल्यास, 'अगं बाई' म्हणालीस, दार लावून घेतलंस. मी आतून म्हटलंसुद्धा, आली वाटतं."

"वरच्या मजल्यावरचं कुणीतरी असेल."

"वरची बया किल्ल्या पाडत नाही, माणसं पाडते," काकू म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन आत गेल्या.

बघूताईनं दार उघडलं. सकाळचा कप टेबलावर होता तिथेच होता, खुर्चीवर टाकलेला टॉवेल खुर्चीवरच होता. घरात कुणी नव्हतं. तरीही ती सगळ्या खोल्यांतून फिरून आली, न्हाणीघराचं दारसुद्धा ढकलून पाहिलं, आणि मग आपल्या वेडेपणाचं तिला हसू आलं.

बघूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या कुणीतरी गमतीनं ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. छत्री दुरुस्त करायची आहे? बघू. दाढ दुखतेय? बघू. नळ गळतोय, पडदे धुवायचेत, जुनी मैत्रीण गावात आलीय, सगळ्याला बघू. आळशी म्हणावी तर तशीही ती नव्हती, कामाला लागली की मान वर करायची नाही. पण काम सुरू करण्याआधी तिच्या मनात एक उंबरठा असे आणि त्यावर ती बसून राही. लग्नाचंसुद्धा असंच बघू बघू करता राहून गेलं, आणि त्याचं तिला विशेष वाईट वाटत नसे.

फोन वाजला. आईच होती.

"दादाचा फोन आला होता का गं?"

"हो, बोलले मी ऑलरेडी. कामात बुडालाय तो. करेल तुला."

"बरा आहे ना?"

"बरा आहे."

तिनं फोन ठेवला. दादा जाऊन दोन महिने होत आले होते.

तो दूरच्या शहरात, कारखान्यातून आला, जेवला, झोपला आणि सकाळी उठलाच नाही. त्याच आठवड्यात इकडे आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात धक्का नको. बघूताई ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून गेली, दादाला पोचवून आली आणि आईच्या खाटेपाशी बसून तिला पेज भरवू लागली. तिथे पोचल्यापासून परत येईपर्यंत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आधी आईला सांगू, मग रडू, असं काहीतरी तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढे आई बरी झाली, आपल्या घरी परतली, हिंडूफिरू लागली. आता सांगायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही बरेच दिवस लोटले होते. वहिनीचा दर दोन दिवसांनी फोन येई. "वन्सं, सांगितलंत का हो? मला आईंचा फोन उचलवत नाही. काय बोलू मी?" आणि बघूताई म्हणे, "सांगते, वहिनी. या आठवड्यात बघू."

शब्दकोशाचं ऑफिस एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. यंत्रं भंगारात गेली त्याला जमाना लोटला, तरी शाईचा वास अजून जिना चढून वर यायचा. वर लांबलचक टेबलं, लोखंडी कपाटं आणि प्रत्येक कपाटाच्या डोक्यावर कुणाची तरी विसरलेली छत्री. आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तिथे तयार होत होता. शब्दाचा अर्थ, तो आला कुठून, आणि आपली माणसं तो वापरतात कसा, असं तिन्ही द्यायचं. बघूताईकडे सध्या एकच शब्द होता, ऑलरेडी, आणि तो तिच्याकडे इतके दिवस होता की बाकीचे पुढच्या अक्षरावर जाऊन पोचले होते.

कोशाचा एक नियम होता. घरी बसून रचलेलं उदाहरण इथे चालत नसे. प्रत्येक वाक्य कुणीतरी, कुठेतरी खरोखर बोललेलं हवं आणि नोंद करणाऱ्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. त्यावरही भागत नसे. वाक्य संपादकांना वाचून दाखवायचं. संपादक डोळे मिटून ऐकत आणि विचारत, "कोण बोलतंय? कुणाशी?" सांगितलेला माणूस त्यांना मिटल्या डोळ्यांसमोर दिसला तर वाक्य पास, नाहीतर बाद. नव्या मंडळींना हा म्हाताऱ्याचा चक्रमपणा वाटे. पण खोटं वाक्य म्हाताऱ्यानं पकडलं नाही असं आजवर झालं नव्हतं.

"अर्थ आणि उगम झालाय," बघूताई त्यांच्यासमोर बसत म्हणाली. "मुळात दोन शब्द होते. ऑल म्हणजे पूर्ण, रेडी म्हणजे तयार. पूर्ण तयार असलेल्या माणसाला म्हणायचे. पुढे दोन्ही जोडले गेले, तयारी गळून पडली आणि नुसता काळ उरला. ह्या आधी, एव्हाना."

"आणि रेडी कुठून आला?"

"नक्की सांगता येत नाही. घोड्यावर बसण्याशी त्याचं नातं असावं, असं काही जण मानतात. प्रवासाला सज्ज, असं काहीसं."

"म्हणजे खोगीर चढवून दारात उभा असलेला," संपादक म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "प्रतिशब्द काय देताय?"

"आधीच, अगोदरच, केव्हाच, एव्हाना."

"सगळे द्या, पण फरक सांगा. 'केव्हाच' म्हणताना माणूस हात झटकतो आणि 'आधीच' म्हणताना कपाळाला हात लावतो. आणि हा नुसता काळाचा शब्द नाही, बघूताई. ह्यात चकित होणं आहे. बोलणाऱ्याच्या मनात एक वेळ ठरलेली असते आणि गोष्ट तिच्यापुढे निघून गेलेली असते. वाक्यं?"

तिनं एकच आणलं होतं. "मी ऑलरेडी निघालोय."

संपादकांनी डोळे मिटले. "कोण?"

"आमच्या जिन्यातला एक तरुण. फोनवर. दारात, कमरेला टॉवेल गुंडाळून."

संपादक डोळे मिटूनच हसले. "पास. ह्या शब्दाची हीच तर गंमत आहे. काम झालेलं नसलं की आपली माणसं तो हमखास वापरतात. अजून आणा. लवकर आणा."

"बघू," ती म्हणाली, आणि आईला काल आपण फोनवर काय म्हणालो ते आठवून तिनं मान खाली घातली.

वाक्यं ऐकायला ती बाजारात हिंडू लागली. आईची औषधं संपत आली असतील म्हणून औषधाच्या दुकानात शिरली, तर दुकानदारानं चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ऑलरेडी नेलीत की तुम्ही, ताई. सकाळीच."

"मी?"

"मग? सुटे नव्हते माझ्याकडे. तुम्ही म्हणालात, राहू द्या, परत येईनच मी."

वाक्य चांगलं होतं, पण ते टिपून घ्यायचं तिला सुचलं नाही. घरी आली तर औषधांची पिशवी टेबलावर होती, सकाळच्या कपाशेजारी.

दुसऱ्या दिवशी छत्री. मोडक्या काडीची ती छत्री गेल्या कित्येक पावसाळ्यांपासून दारामागे टांगलेली होती, आणि दुरुस्तीवाल्याच्या दुकानावरून जाताना ती रोज मनाशी म्हणे, उद्या. आज दुरुस्तीवाल्यानं आपणहून हाक मारली. "काडी नीट बसली ना, ताई?" घरी दारामागे छत्री होती. तिनं ती उघडून बघितली. घुमटासारखी टच्च उघडली. मग गळका नळ एके दिवशी गळेनासा झाला. जुन्या मैत्रिणीचा निरोप आला, किती दिवसांनी भेटलो, बरं वाटलं, तू मात्र अगदी गप्प गप्प होतीस.

बघूताई घाबरली. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, ती फक्त घाबरली नाही. आयुष्यभर उंबरठ्यावर बसून राहिलेल्या बाईची कामं कुणीतरी परस्पर उरकत होतं, आणि ती करताना काही मोडत नव्हतं, चोरीला जात नव्हतं. पडदे धुतलेले सापडले तेव्हा तर तिला चक्क बरं वाटलं. मनातल्या मनात ती त्या दुसरीला 'ती' म्हणू लागली. ती करून टाकेल. तिनं केलं असेल. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगणार काय? लोक म्हणाले असते, बाई, विसरायला लागलीस, डॉक्टरला दाखव. आणि ती म्हणाली असती, बघू.

एकच गोष्ट तिला खटकत होती. काकूंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या दोघींमधलं अंतर जेमतेम जिना चढण्याइतकं होतं. मग सकाळ-संध्याकाळचं झालं. आता काकू म्हणत, "काल आल्यापासून बाहेर नाही पडलीस का गं?" आणि काल बघूताई उशिरापर्यंत ऑफिसातच असे. ती पुढे पुढे चालली होती.

"काकू, तुम्ही मला बघितलंत कधी? म्हणजे, नुसता आवाज सोडून?"

काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी जरा विचार केला.

"परवा बघितलं ना. लिफ्टमधून उतरलीस. मी म्हटलं, आज साडी नवीन वाटतं? बोललीच नाहीस. तुला राग आला का माझा कशाचा?"

"नाही हो."

"मग ठीक आहे. नाही, तू बघितलंस माझ्याकडे, पण म्हणजे... जाऊ दे. थकली होतीस तू."

शेवटी वहिनीचा फोन आला तो रडतच. आईनं तिला फोन केला होता आणि म्हणाली होती, त्याला म्हणावं कामाचं एवढं काय, आईशी दोन शब्द बोलायला जीभ झिजते का. वहिनीनं फोन ठेवून दिला होता. "वन्सं, आता मला नाही जमणार हो. नाहीतर मी येऊन सांगते."

"नाही, नाही. मी उद्या सुट्टी टाकते. उद्या नक्की."

तिनं खरंच सुट्टी टाकली. दुपारी तयार होऊन, चपला घालून, पर्स खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली. तिथून परत फिरली आणि चपलांसकट खुर्चीत बसली. काय सांगायचं? सुरुवात कशी करायची? आई, एक वाईट बातमी आहे. नको. आई, दादा. तिच्याच्यानं पुढचा शब्द मनातसुद्धा उच्चारवत नव्हता. आई आधी तोंडाकडे बघेल. मग तिला कळेल. ते कळणं तिच्या चेहऱ्यावर येताना आपल्याला बघावं लागेल.

आणि तेव्हा तिच्या मनात आलं, ती जाईल.

ते मनात येताच तिला इतकं हलकं वाटलं की तिनं डोळे मिटून घेतले. जाईल ती. बसेल आईशेजारी, नीट सांगेल. सगळं नीट करते ती. बघूताईनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि गेल्या दोन महिन्यांत लागली नव्हती अशी गाढ झोप तिला लागली. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती उठून गेली नाही.

सकाळी ऑफिसात पोचल्याबरोबर संपादकांनी तिला बोलावून घेतलं.

"सुट्टी टाकूनही काल संध्याकाळी आलात. कौतुक आहे तुमचं," ते म्हणाले. "नोंद पुरी झाली म्हणायची एकदाची."

ती बसली नाही. "मी काल आले होते?"

"ऑफिस सुटता सुटता. बाकीचे गेले होते." संपादक आपला पेन उघडमीट करत होते. नेहमी ते तिच्याकडे बघून बोलत, आज बघत नव्हते. "वाक्यं वाचून दाखवलीत. चांगली होती. औषधाच्या दुकानातलं तर फारच छान. पण शेवटचं..."

"शेवटचं कुठलं?"

"'आईला मी ऑलरेडी सांगितलंय.'"

खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. बघूताईनं खुर्चीची पाठ धरली.

"मी नेहमीसारखं विचारलं, कोण बोलतंय," संपादक म्हणाले. "तुम्ही म्हणालात, मी. कुणाशी? तुम्ही म्हणालात, तिच्याशी. ती कोण ते काही सांगितलं नाहीत. मी डोळे मिटले. माणूस दिसला मला, अगदी स्वच्छ. पण सांगू का, एवढी वर्षं हे करतोय, बघितल्याचा पश्चात्ताप कधी झाला नव्हता. मी डोळे उघडले तर तुम्ही समोर उभ्या होतात आणि माझ्याकडेच बघत होतात."

"बाद केलंत ना?"

"कसं करणार?" संपादक म्हणाले. "वाक्य खरं होतं."

जिना ती कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही. बसस्टॉपवर उभं राहून तिनं आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग वहिनीला लावला.

"वहिनी, तुम्ही आईला सांगितलंत?"

"मी? नाही हो, वन्सं. तुम्हीच जाणार होतात ना काल? का, काय झालं? त्या बऱ्या आहेत ना?"

"कळवते," म्हणून तिनं फोन बंद केला. बस आली. बसायला जागा होती, पण ती दांडा धरून पुढे, ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. आपण काय केलं हे आता तिला लख्ख कळत होतं. घरातली सगळ्यांत मोठी गोष्ट तिनं कोण, कुठली, कसली हेही ठाऊक नसलेल्या एका कुणावर सोपवली होती आणि पाय वर घेऊन झोपली होती. आई एकटी होती. ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झाले होते. तिच्यासमोर बसून त्या बाईनं, काकूंकडे बघितलं तसं बघत, म्हटलं असेल, तुझा मुलगा गेला. आणि मग उठून ऑफिसात गेली असेल, वाक्य वाचून दाखवायला. सिग्नलला बस थांबली तशी तिनं ड्रायव्हरला, "चला ना हो," म्हटलं, आणि ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे पाहिलं पण उलट बोलला नाही.

आईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"आई!"

"ये," आई आतून म्हणाली. "स्वयंपाकघरात आहे."

आई ओट्यापाशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. नेहमीची साडी, नेहमीचा सैल अंबाडा. मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला, आवाज बंद. चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे लाल नव्हते, सुजलेले नव्हते. बघूताई दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. पोचलो आपण. काही झालेलं नाही. म्हाताऱ्यानं काहीतरी भलतंच ऐकलं, किंवा ती इथे आलीच नाही. पोचलो.

"धापा किती टाकतेस? पाणी घे आधी."

ती पाणी प्यायली. आईनं पायानं दुसरं स्टूल पुढे सरकवलं. बघूताई बसली. तिला वाटलं, आता आई विचारेल, दादाचा फोन आला का. आईनं विचारलं नाही. शेंगांची परात बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि मांडीवर ठेवले.

"आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"दादा..." ती थांबली. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. "दादा ऑपरेशनच्या वेळी आला नाही ना. फोनही नाही. मी तुला सांगत होते कामात आहे, ते खोटं होतं, आई. मी बोललेच नाही त्याच्याशी. त्याच्याशी आता..."

"हळू सांग," आई म्हणाली. "मी कुठे जात नाही."

बघूताईनं सांगितलं. जेवला आणि झोपला, हे सांगितलं. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली, हे सांगितलं. आपण गेलो होतो तेव्हा त्याच्या हनुवटीखाली दाढी करताना राहिलेले चार पांढरे केस होते आणि आपण तेच बघत बसलो, हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज फाटला. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. दोन महिने कुठे अडकलं होतं कोण जाणे. लहानपणी दादानं सायकलवरून पाडल्यावर रडत आली होती त्यानंतर ती अशी कधी रडली नव्हती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. किंचाळली नाही, खोटं बोलतेस म्हणाली नाही.

तो हात तसाच एका लयीत फिरत होता. हळूहळू बघूताईच्या ते ध्यानात आलं. तिनं डोकं वर केलं.

"आई."

"हं."

"काल कुणी आलं होतं?"

आईनं तिच्या गालाला चिकटलेले केस मागे सारले. त्याला बराच वेळ घेतला.

"तूच आली होतीस," आई म्हणाली. "चपला काढल्यास, इथेच बसलीस, सगळं सांगितलंस. एक शब्द चुकली नाहीस. पाणी विचारलं तर नको. जेवतेस का विचारलं तर नको. डोळ्यांत टिपूस नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होतीस."

बघूताईनं मागे वळून दाराकडे पाहिलं.

"मी म्हटलं, माझी लेक आपल्या भावाचं सांगायला येईल आणि कोरडी बसेल?" आई म्हणाली. "तेव्हाच कळलं मला, तू अजून यायची आहेस."

"आणि तू?"

"मी काय. तिच्यासमोर नाही रडले. ती गेल्यावरही नाही." आईचा आवाज आता पहिल्यांदा हलला. "एकटीनं कसं रडायचं गं त्याच्यासाठी? थांबले तुझ्यासाठी."

तिनं चष्मा काढला. तो ठेवायला तिला ओट्याची कड सापडेना, म्हणून बघूताईनं तो तिच्या हातातून घेतला.